तिसऱ्या ओळीतला समुद्र

योकोहामाच्या टेकडीवरची ती प्राथमिक शाळा मार्चमध्ये कायमची बंद होणार होती. मुलंच उरली नव्हती. सहावीच्या वर्गात अवघी अकरा, त्यांतली एक चारुताची ईश्वरी. जपानमध्ये प्रत्येक शाळेचं स्वतःचं गाणं असतं, कुणीतरी खास त्या शाळेसाठी बांधलेलं. या शाळेचं गाणं बांधणारे इसोगाई-सेन्सेई, संगीताचे निवृत्त प्राध्यापक, चौऱ्याऐंशीव्या वर्षीही कावासाकीत राहतात असं कळल्यावर बाईंनी मुलांना आभाराची पत्रं लिहायला लावली. दहा जणांनी रीतसर आभार मानले. ईश्वरीने मात्र खरं काय ते लिहून टाकलं.

तिने लिहिलं की मी तुमचं गाणं कधी नीट म्हटलेलंच नाही. तिसऱ्या ओळीतला 'समुद्र' फार उंच जातो, तिथे माझा आवाज फाटतो. तिसरीत असताना बाई म्हणाल्या, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून मी ओठच हलवते. माफ करा.

चारुताला यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं. दर समारंभात लेकीच्या हलत्या ओठांचे व्हिडिओ काढून पुण्याला पाठवणारी आई ती. तिला हे कळलं ते सेन्सेईंचं उत्तर आल्यावर. चार पानं, टपोऱ्या अक्षरांत. आडनावावरून आई परदेशी असणार हे त्यांनी ताडलं असावं, कारण प्रत्येक अवघड चिनी अक्षराच्या डोक्यावर त्याचा उच्चार बारीक अक्षरांत लिहिला होता, एकही न वगळता. शिवाय बारा वर्षांच्या पोरीला अहो-जाहो केलं होतं.

"ईश्वरी-सान, चूक तुमच्या आवाजाची नाही, माझी आहे," असं त्यात होतं. "टेकडीवरून समुद्र दिसतो तसा तो गाण्यात वर झळाळला पाहिजे, असं तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले आणि मी तो वर नेला. तिथवर न पोचणारं मूल दर वर्गात असणार हे मला माहीत होतं. पन्नास वर्षं मी या पत्राची वाट पाहत होतो. नेमकं कुठे दुखतं, सांगाल का?"

चारुता लहानपणी चार वर्षं गाणं शिकलेली. तेवढ्या जोरावर ईश्वरीच्या उत्तराखाली तिने दोन ओळी खरडल्या, की आमच्याकडे गुरू आधी मुलाचा आवाज पाहतात आणि षड्ज त्याप्रमाणे ठरवतात. हिची पट्टी खालची, पांढरी चार. पत्र टपालपेटीत टाकलं आणि मग तिला ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या माणसाला आपण अक्कल शिकवायला निघालो! पण उलट टपाली पाच पानं आली. षड्ज म्हणजे काय, तो कोण ठरवतं, मूल मोठं झालं की बदलतो का, असे नाना प्रश्न आणि शेवटी भेटायला येण्याचं आमंत्रण.

त्यांच्या घरी एक पियानो होता आणि भिंतभर खोकी. सेन्सेईंनी एकाहत्तर शाळांची गाणी केली होती. प्रत्येक शाळेचं एक खोकं, त्यात मुलांनी लिहिलेली पत्रं आणि त्यांनी दिलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत. एकोणचाळीस शाळा बंद पडल्या होत्या. प्रत्येक शाळेच्या निरोप समारंभाला ते गेले होते, आणि तिथल्या शेवटच्या प्रत्येक मुलाला गाणं स्वहस्ते उतरवून पाठवलं होतं. चारुता बघतच राहिली. तिला भाच्याच्या वाढदिवसाचा मेसेजसुद्धा दुसऱ्या दिवशी आठवायचा.

ईश्वरी अगदी पुटपुटल्यासारखं गायली. सेन्सेईंना कमी ऐकू यायचं. ते कानामागे हात धरून पुढे वाकले आणि तिसरी ओळ तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, कंटाळा न करता. पेन्सिल धरलेला हात थरथरत होता, पण स्वराचं टिंब पडायचं ते नेमक्या रेघेवर. त्या ओळीची खालची चाल त्यांनी पुढच्या दोन महिन्यांत तीनदा लिहून पाठवली आणि तीनदा बदलली.

शाळेने सांगितलं की आता सगळ्यांना नवी चाल शिकवायला वेळ नाही, ईश्वरी एकटी म्हणणार असेल तर हरकत नाही. एकटी म्हटल्यावर पोरगी गार पडली. मी ओठच हलवीन, असं जपानीत म्हणून तिने खोलीचं दार लावून घेतलं. चारुताने जड मनाने सेन्सेईंना तसं कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "ओठ हलवलेत तरी चालेल. मी येणार आहे."

समारंभाला ते शेवटच्या रांगेत बसले होते. चारुताने या वेळी फोन पर्समध्येच ठेवला. पहिल्या कडव्यात समुद्र नेहमीसारखा वर गेला आणि ईश्वरीचे ओठ नुसते हलले. दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ आली. साठ मुलांचा आवाज वर चढला आणि त्याच्याखाली एक जाडसर आवाज, आधी कापरा, मग ठाम, खाली उतरत गेला. समुद्र वरही होता आणि खालीही पसरला होता. चारुताने मागे वळून पाहिलं. सेन्सेई डोळे मिटून, ताठ बसले होते.

चारुताला रडू आवरेना. हे गाणं आता पुन्हा कधीच कुणी म्हणणार नव्हतं. एका पोरीने एक ओळ एकदाच म्हणावी, एवढ्यासाठी हा माणूस दोन महिने खपला होता. असा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. तिचे हात आपोआप जोडले गेले.

एप्रिलमध्ये जाडजूड पाकीट आलं. त्यात सेन्सेईंच्या हातचं शाळेचं गाणं होतं, नव्या तिसऱ्या ओळीसकट. त्याखाली आणखी कागद होते, आणि एक चिठ्ठी.

"अजून एकतीस शाळा चालू आहेत. तिथेही कुणीतरी नुसते ओठ हलवत असेल. ही त्यांची गाणी. म्हणून पाहाल का? जिथे दुखेल तिथे खूण करा, मी दुरुस्त करून शाळांना पाठवीन. घाई नाही."

चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस लिहीत होता, घाई नाही. चारुताने ती ओळ दोनदा वाचली. तोवर ईश्वरी कागदांचा गठ्ठा उचलून आत गेली होती. बंद दारामागून पहिलं गाणं ऐकू आलं, मोकळ्या, जाडसर आवाजात. दुसऱ्या ओळीत ती थांबली. मग कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला.