सवाष्णीचे पाय

आमच्या दत्तमंदिरात अजूनही सांगतात, की माझ्या अनुष्ठानानं आणि रोजच्या अंगाऱ्यानं माझ्या बायकोच्या पायांवरच्या निळ्या-जांभळ्या शिरा नाहीशा झाल्या. मी ते कधी खोडलं नाही. आता वय झालं. घडलं ते तसंच लिहून ठेवतो.

बंगळुरात आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. महालक्ष्म्यांना सवाष्ण म्हणून ही पाटावर बसायची. धाकट्या भावाची बायको नवी नवरी होती तेव्हापासून हिचे पाय तीच धुवायची. तांब्यातलं कोमट पाणी, हळदीनं पिवळी झालेली बोटं, आणि दोघींचं अर्धं कानडी, अर्धं मराठी कुजबुजणं. पातळाचा काठ भिजू नये म्हणून ही तो जरासा वर धरायची. ते पाय मला अजून दिसतात.

साठीनंतर त्या पायांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा उमटल्या. इंजेक्शन देऊन त्या घालवता येतात, असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं आणि मला विचारलं. मी म्हणालो, "या वयात पायांचं काय कौतुक? मी अनुष्ठान धरतो. ते चालू असेपर्यंत सुई नको." ती कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि विषय संपला. पण त्या महालक्ष्म्यांना गुडघ्याचं निमित्त करून ती पाटावर बसली नाही. पुढच्या वर्षीही नाही. भावाची बायको मला म्हणाली, "भावोजी, आम्ही वेगळे होऊन मारतहळ्ळीला फ्लॅटमध्ये गेलो म्हणून अक्कांना आमचं पाणी चालेना वाटतं." ही तरीही गुडघ्याचंच निमित्त सांगत राहिली. खरं कारण सांगायचं तर पाय दाखवावे लागले असते.

अनुष्ठान पूर्ण झालं. शिरा होत्या तशाच होत्या. मी देवापुढे बसून जवळजवळ रुसूनच म्हणालो, आता तूच सांग काय करू. बाहेर आलो तर मंदिराच्या ओट्यावर हिच्याशेजारी आमच्याच वयाची एक अनोळखी कानडी बाई बसली होती. पायातला लांब घट्ट मोजा खाली करून ती हिला आपली पोटरी दाखवत होती. तिलाही अशाच शिरा होत्या म्हणे. बारीक सुईनं औषध सोडल्यावर पुसट झाल्या. मग माझ्याकडे बघून ती कानडीत म्हणाली, "यजमान्रे, पाय देवानंच दिलेत ना? मग डॉक्टरला दाखवायला लाज कसली?" हिला हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी. ती बाई पुन्हा कधी दिसली नाही.

मग मीच हिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी आतल्या मोठ्या शिरा तपासल्या, मग सुई दिली. मुंगी चावल्यासारखं वाटलं, एवढंच ही म्हणाली. भरपूर चाला, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून घट्ट मोजे घालून ती आणि मी संध्याकाळी बागेत फिरू लागलो, लग्नानंतर फिरायचो तसे. दोन-तीन खेपांनंतर, हळूहळू, शिरा फिकट झाल्या. एखादी राहिलीच.

त्या वर्षी ती पाटावर बसली. पाय धुताना भावाच्या बायकोला ती उरलेली शीर दिसली. तिचा हात थांबला. वर न बघता तिनं विचारलं, "एवढ्यासाठी होय, अक्का?" हिनं नुसती मान हलवली. मग तिनं त्या शिरेवर हळद जरा जास्तच लावली. दोघी रडत होत्या आणि तांब्यातलं पाणी गार होत होतं.

लोकांनी विचारलं तेव्हा मी "दत्तमहाराजांची कृपा" म्हणालो आणि इंजेक्शनं गाळली. कृपा होतीच. पण ती माझ्याच अनुष्ठानाच्या वाटेनं यावी, हा माझा हट्ट होता, आणि त्यापायी हिचे दोन सण गेले. आता देवापुढे मागणं तेवढं ठेवतो, वाट सांगत नाही. ही शेजारी पाय पसरून निःसंकोच बसलेली असते. मला तेवढं पुष्कळ आहे.