गाडी लेट आहे

धुक्यामुळे गाडी सकाळपासून माळावर उभी होती. बंद खिडकीच्या फटीतूनही बोचरा वारा आत येत होता. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी डब्यातली गुळपोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “घरी कळवा हो, वाट बघत असतील.”

घरी कुणीच नव्हतं. तरी न लावलेला फोन कानाशी धरून मी म्हणालो, “अगं, गाडी लेट आहे. तू जेवून घे.” एवढं बोलूनच जरा ऊब आल्यासारखं वाटलं. वाट बघणारं कुणी असलं, तरच गाडीला उशीर होतो. एरवी ती नुसती पोचते.

संध्याकाळी माझं स्टेशन आलं. मी उतरलो, तसं काकूंनी खिडकीतून विचारलं, “आल्यात का हो त्या?”

मी गर्दीकडे बघून हात हलवला. काकूंनीही गजांतून हात बाहेर काढला आणि तिकडेच बघून हलवला.