गॅलरीतली गोधडी

मी अमरावतीत घरांचे नकाशे काढायचे. अकोल्याच्या एका संस्थेनं मला नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी निवारा बांधायचं काम दिलं. कापसाची ती वाईट वर्षं होती. गावातल्या हालांना पेपरात जागा मिळे, घरात मार खाणाऱ्या बाईला नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा इमारतीचंच कौतुक होतं. जागा जठारपेठेच्या मागच्या अंगाला, भिंत उंच, फाटक एकच, बाहेर पाटी नाही. पत्ता कुणाला कळू द्यायचा नाही, एवढीच अट होती. वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूनं, मी कपडे वाळवायला लांबलचक गॅलरी काढली. तिकडे ऊन भरपूर होतं.

बायका राहायला आल्या आणि दोनच महिन्यांत तिथल्या व्यवस्थापिकाबाईंचा फोन आला. मूर्तिजापूरकडची एक बाई लहान मुलगी आणि एक गोधडी एवढंच घेऊन आली होती. शिवणाचा हात चांगला, जवळच्या दुकानात कामही लागलं होतं. मुलीनं अंथरूण ओलं केलं म्हणून तिनं गोधडी धुतली आणि गॅलरीत टाकली. गोधडी घरातल्याच जुन्या कपड्यांची शिवतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या आईनं डझनभर शिवल्यात. त्या दिवशी तिचा नवरा बियाणं घ्यायला अकोल्यात आला होता. रस्त्यावरून त्याला स्वतःचे शर्ट दिसले.

"बायको अंदरच हाय मायी," तो फाटकाशी म्हणाला. "ते मायाच शर्टाची गोधडी हाय."

फाटक उघडलं नाही, पोलीस आले, तो गेला. पण पत्ता फुटला होता. तिला मुलीसकट अमरावतीच्या निवाऱ्यात हलवलं. काम सुटलं.

"गॅलरी रस्त्यावर काहून काढली, ताई?" व्यवस्थापिकाबाईंनी विचारलं.

ऊन तिकडे होतं, असं मी म्हणाले. ते उत्तर आठवलं की अजून स्वतःचा राग येतो.

संस्थेनं अकोल्याच्याच दुसऱ्या टोकाला जागा घेतली. नव्या नकाशात गॅलरी नव्हती. मधोमध वाळवणाचं अंगण, चारी बाजूंनी भिंती. ती शिवायची त्या दुकानाच्या मालकीणबाईंनी, चाचींनी, तिची मशीन रिकामी ठेवली होती. तिनं परत यावं म्हणून मी नकाशा घेऊन स्वतः अमरावतीच्या निवाऱ्यात तिच्याकडे गेले.

ती ब्लेडनं गोधडी उसवत बसली होती. शर्टाचे तुकडे एका बाजूला पडले होते. मी कागद पसरला, अंगण दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"इथं कोनाले दिसते?"

"कुणालाच नाही. भिंती आहेत ना."

"अन् बाजूच्या गच्चीवरून?"

शेजारची घरं मी नकाशात काढत नसे.

"मी नाई येत अकोल्याले, म्याडम," ती म्हणाली. कागद नीट गुंडाळून तिनं माझ्या हातात दिला आणि पुढचा टाका उसवला.