कानबाईची रजा

हिलाल आप्पांच्या रजेवर लाल रेघ मी मारली होती.

आप्पा आज सकाळी गेले. ग्रुपवर सगळे "देवमाणूस" लिहितायत. मला आधी हे लिहायचंय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बी.कॉम. करून मी सुरतेत एका लूम्सच्या कारखान्यात हजेरी लिहायला लागलो. आप्पा तिथले जुने कारागीर.
आम्ही दोघं सुरतेतल्या लिंबायत वस्तीतले, दोघं मूळ खानदेशचे. मला "साहेब" न म्हणता "भाऊ" म्हणणारे ते एकटेच.

त्यांच्याकडे मशीनं आठ, पण कान सगळ्या शेडवर. तेवढ्या खडखडाटातही पलीकडच्या ओळीतलं मशीन बिघडतंय हे त्यांना आवाजावरून कळायचं. हातातलं टाकून धावायचे.

पोरं चिडवायची, "आप्पाले बायकोनी हाक ऐकाले येत नही, मशीनना खोकला येस!"
आप्पा म्हणायचे, "मशीन खोकलीसन गप बसस. बायको बसस का?"

त्या वर्षी नवी मशीनं बसायची होती. शेठ आप्पांना म्हणाले, श्रावणापर्यंत एकही खाडा करू नको.
आप्पा म्हणाले, "शेठ, इस साल कानबाई हमारे घर है. माय अकेली है."
शेठनी माझ्याकडे बघितलं. "लखी ले. चार दिवसनी रजा. पाक्की."
मी लिहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कानबाई ही श्रावणात खानदेशात घरी बसवतात ती देवी. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू मोजून घेतात. त्याचे रोट होतात. ते घरच्यांनीच खायचे.

आप्पांनी खाडा केला नाही. तापातही आले.

निघायच्या आदल्या दिवशी शेठनी मला बोलावलं. मोठी ऑर्डर आली होती. "हिलालने ना पाडी दे. आवता वर्षे." म्हणजे हिलालला नाही सांग, रजा पुढच्या वर्षी.
"शेठ, तुम्ही शब्द दिला होता," एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं.
मी लाल पेन काढलं.

आप्पांनी पिशवीसुद्धा भरून आणली होती. मी म्हणालो, वरून आलंय, माझ्या हातात नाही. आणि त्यांचा चेहरा बघवेना म्हणून आणखी म्हणालो, "दिवाळीला दोन दिवस जास्त देतो. नक्की."
तो अधिकार मला नव्हता. त्यांनाही ते माहीत होतं.
"बरं भाऊ," म्हणाले.

नंतर गावाहून निरोप आला. मायनं त्यांच्या नावाचा रोट शेवटच्या दिवसापर्यंत झाकून ठेवला होता.

आप्पा भांडले नाहीत. वेळेवर यायचे, आठही मशीनं चोख.
फक्त आठच.

एकदा शेजारच्या ओळीत तासभर खराब कापड निघत राहिलं. आप्पा चार पावलांवर उभे.
"आप्पा, ऐकू नाही आलं?"
"ऐकू उनं ना."
"मग?"
"ते मन्हं मशीन नही, भाऊ."

दिवाळीचे दोन दिवस त्यांनी मागितले नाहीत. मीही विषय काढला नाही.

हळूहळू पोरंही आपापल्या ओळीत थांबायला लागली. शेठ एकदा वैतागून म्हणाले, या लोकांना कामाचं काही पडलेलंच नाही.
मी मान डोलावली.
लाल रेघेपेक्षा ती मान मला जास्त छळते.

मागच्या वर्षी त्यांच्या घरी गेलो. शेडनं कान पार नेले होते. खाटेवर शेजारी बसून त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणालो, "आप्पा, त्या कानबाईच्या रजेचं... माझं चुकलं."
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मग आत हाक मारली, "भाऊले चहा ठेव वं!"

ऐकू आलं का, हे मी विचारलं नाही.
एकदा विचारलं होतं.

आप्पा, श्रद्धांजली वाहायचा माझा हक्क किती, ते मला ठरवता येत नाही. नमस्कार तेवढा घ्या.