सुटं टोक धरा!

दीक्षाला एका प्रश्नाची चीड होती. शिरोली एमआयडीसीत कुणालाही "आमच्याकडं कॅपस्टन बनतात" असं सांगितलं की पुढचा माणूस हमखास विचारायचा, "मग किती लेथ हायत तुमच्यात?" कारण इथं कॅपस्टन म्हणजे नट-बोल्ट काढायचा लेथ. दीक्षाचा कॅपस्टन मासेमारीच्या बोटीवरचा. कंबर बारीक असलेला उभा लोखंडी ड्रम. त्याच्याभोवती दोराचे चार वेढे घालायचे आणि सुटं टोक एका माणसानं ताणून धरायचं. ड्रम फिरला की जाळं असो, नांगर असो, मुकाट वर येतो. हे ती इतक्यांदा सांगून बसली होती की आता कुणी विचारलं तर "भरपूर हायत" म्हणून मोकळी व्हायची.

शाहूवाडीच्या भातखाचरांत वाढलेली ही मुलगी डिप्लोमा करून बाळासोंच्या कारखान्यात लागली, तोवर तिनं समुद्र पाहिलाही नव्हता. पहिला कॅपस्टन बसवायला बोटीवर गेली आणि बंदरातच ओकून ओकून बेजार झाली. पण खलाशांनी जाळं ओढताना दोर कसा सैल सोडायचा, कसा आवळायचा, हे दाखवलं तेवढं मात्र पक्कं डोक्यात घेऊन आली.

मार्चमधल्या एका दुपारी कारखान्याच्या फाटकात पाच-सहा माणसं धावत आली. मागनं तानाबाई, शेजारच्या मळ्यातल्या. त्यांची गाभण म्हैस विहिरीत पडली होती. उसातनं क्रेन आत जाईना आणि आगीचा बंब दुसरीकडं गेलेला.

"पोरी, तुझं ते वढायचं मशीन घिऊन चल की!"

चाचणीचा एक कॅपस्टन डिझेल इंजिनासकट टेम्पोत पक्का बसवलेला होता. बाळासो स्वतः टेम्पो घेऊन निघाले.

विहिरीवर अर्धं गाव जमलेलं, आणि प्रत्येक जण साहेब. मोटेचे जुने दगडी खांब शाबूत होते. त्यांवर आडवा लोखंडी बार टाकून दीक्षानं कप्पी टांगली. पोहणाऱ्या दोघांनी म्हशीच्या पोटाखालनं रुंद पट्टे घेतले. इंजिन सुरू झालं, दोर ताणला आणि म्हैस जागची हलण्याऐवजी टेम्पोच विहिरीकडं सरकायला लागला.

"हँडब्रेक!" दीक्षा किंचाळली.

"वढलाय की!" बाळासो म्हणाले आणि मग तो ओढायला धावले.

चाकांपुढं दगड लावून झाले. सुटं टोक धरायला तालमीतला विश्वजित पुढं आला. दंड बघावे तर दीक्षाच्या मांडीएवढे.

"दादा, ताकद लावायची न्हाई. ताण धरायचा फक्त, आणि दोर येईल तसा मागं घ्यायचा. सोडायचा मात्र न्हाई."

"मॅडम, आमी दोन-दोन गडी उचलतोय. ह्याला काय हुतंय?"

मागं आणखी चौघं दोराला लटकलेच. दीक्षा "सोडा, एकालाच धरू द्या" म्हणून ओरडत राहिली आणि प्रत्येकाला वाटत राहिलं की ती दुसऱ्यालाच सांगतेय. शेवटी तिनं इंजिन बंद केलं, तेव्हा कुठं चौघं बाजूला झाले.

म्हैस हळूहळू वर येऊ लागली. आधी शिंगं, मग डोळे फाडलेलं तोंड. काठावर एकच गलका उठला. कुणीतरी हाक मारली, "विश्वा, हिकडं बघ, फोटू!" आणि विश्वजितनं हसून हात वर केला. दोन्ही हात.

वेढे सैल पडले. दोर ड्रमवर सुर्रकन घसरला आणि म्हैस हंबरत पुन्हा खाली गेली. दीक्षानं झेप घालून सुटं टोक धरलं. दोर तिच्या तळहातातनं सोलत गेला, पण तिनं मूठ सोडली नाही. पाय रोवून मागं झोक दिला तसे वेढे पुन्हा ड्रमला आवळले आणि म्हैस अधांतरी थांबली.

"आता धर!" तिचा आवाज फाटला होता. "आणि कोण तुझा बाप फोटो काढत असला तरी सोडू नको!"

विश्वजितनं टोक धरलं. शेवटपर्यंत त्यानं दोरावरची नजर काढली नाही.

म्हैस काठावर आली, थरथरली, उभी राहिली आणि पट्ट्यांसकट उसात घुसली. सगळे तिच्या मागं पळाले. टेम्पोपाशी उरल्या दीक्षा आणि तानाबाई. तानाबाईंनी लुगड्याचा पदर फाडून तिच्या हाताला गुंडाळला आणि म्हणाल्या, "लई कावलीस बाई पोरांवर. पर तू कावली नसतीस तर माझी म्हस ऱ्हात न्हवती."

आठवडाभर दीक्षाला डाव्या हातानं जेवावं लागलं. घरी वडील नागसेन रोज भाकरी कुस्करून द्यायचे आणि रोज म्हणायचे, "हातमोजे घालायचं कळत न्हाई व्हय तुला?" ते खरंच होतं, त्यामुळं ती आणखीच चिडायची.

कामावर परतल्यावर तिनं सगळ्यात आधी ड्रमशेजारी एक जाड खुंटा वेल्डिंग करून घेतला. धरणाऱ्यानं थकल्यावर दोराचं टोक त्याला अडकवावं, एवढंच.

बाळासोंनी तो हलवून बघितला. "झकास! पर हे आधीच का केलं न्हाईस?"

दीक्षानं हातातला पाना बाकावर आपटला.

"दिवाळीपासनं कानीकपाळी ओरडतेय मी, साहेब! तुमीच म्हणालता, कशाला पायजे, लोक धरतात की!"

"असं म्हणालतो व्हय?" बाळासो म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले.