आखणीत हललेली रेघ

ओल्या रंगाचा वास आला की पेणमधला आमचा गणपतीचा कारखाना आठवतो. वहिनीला सातवा महिना होता आणि आदल्या संध्याकाळपासून पोटात हालचाल नव्हती. दवाखाना उघडेपर्यंत ती मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती. तिचा हात कधी चुकत नसे. त्या सकाळी कुंचला एकदम सरकला आणि काळी रेघ मूर्तीच्या गालावर उतरली. "लाथ मारली," वहिनी पोट धरून म्हणाली. आईने फडकं पुढे केलं. "पुस गो. सातव्यात पोर डोळे उघडतं. आत पन आखणीच चालली हाय." पोटातलं ते पोर, माझी पुतणी, आता तिथेच आखणी करते. तिचे स्वतःचे डोळे अंधारात, कुंचल्याविना आखले गेले, आणि त्यांत रेघ कुठेच हललेली नाही.