गोदावरीच्या काठाने आमच्या पुढे गेलेली गाडी

आधीच सांगते, आमच्या शाळेत अंधश्रद्धेवर बोलायची वेळ आली की ते काम माझ्याकडे यायचं. मी विज्ञान शिकवायचे. वर्गात पाणी शिंपडून नारळ पेटवून दाखवायचे आणि मग तो कसा पेटला तेही सांगायचे. त्यामुळे इथे लोक लिहितात ते अनुभव मी वाचते ते मनात थोडी शंका ठेवूनच. माझाही तसाच वाचा, हरकत नाही.

माझे यजमान सुधाकर. समोर असते तर मी नाव घेतलं नसतं, 'अहो' म्हटलं असतं... लिहिताना नावच बरं पडतं. नाशकात अंबडच्या एका कारखान्यात ते टूलरूमला होते. डाव्या तर्जनीचा शेंडा पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये गेलेला. सिडकोत आमचं छोटं घर, मूलबाळ नाही. आणि त्यांना एकच वेड होतं — गोदावरी समुद्राला मिळते ती जागा बघायची. मुंबईचा समुद्र पाहिलेला होता. "तो आपल्या नदीचा नाही," म्हणायचे. "उगम आपल्या दारात, आणि शेवट फक्त नकाशात बघायचा?"

मी म्हणायचे, रेल्वेने जाऊ. त्यांना तसं नको होतं. काठाकाठाने जायचं, आवडेल तिथे थांबायचं, तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं.

रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका परदेशी मासिकात त्यांनी एक फोटो पाहिला होता. पिकअप गाडी, मागे खोलीसारखा डबा, आणि त्याचं छप्पर छत्री उघडावी तसं वर उचललेलं. मधल्या जागेत कापडाच्या भिंती. चालताना गाडी बुटकी, थांबली की आत उभं राहता येईल एवढी उंच. १९९७ च्या सुमारास त्यांनी पिंपळगावहून द्राक्षांचे क्रेट वाहणारी एक जुनी पिकअप आणली आणि दर रविवारी दारात ठोकठोक सुरू झाली. हौद्यावर ॲल्युमिनियमचा डबा. चार कोपऱ्यांना एकात एक सरकणारे पाइप, एक हँडल फिरवलं की छप्पर सावकाश वर जायचं. आत घडीची फळी, स्टोव्ह, पाण्याची टाकी. कॅनव्हासच्या भिंती मी माझ्या मशीनवर शिवल्या, त्यात कितीतरी सुया मोडल्या. गल्लीतले लोक विचारायचे, "काका, आइस्क्रीमची गाडी काढताय का?" हे हसून म्हणायचे, "हो, समुद्रावर विकणार आहे."

गाडी तयार झाली. गंगापूर धरणाच्या काठावर नेऊन एकदा छप्पर उभं केलं, आत बसून चहा घेतला. संक्रांत झाली की निघायचं ठरलं. संक्रांतीच्या आधीच एका सकाळी कामावर जायला बूट घालताना सुधाकर खाली कोसळले... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

गाडीकडे मला बघवेना. माझ्या थोरल्या नणंदेचा, कुसुमताईंचा मुलगा दिनेश, ती देवळ्याला त्यांच्या मळ्यात घेऊन गेला. कांद्याच्या चाळीशेजारी पत्र्याची शेड होती, तिथे दगडांवर उभी केली. चाकं काढली, बॅटरी काढून ट्रॅक्टरला लावली. कुसुमताई रोज तिच्यासमोरून जायच्या. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे लोकांनी मला विचारलं, कुणी परस्पर नेली नसेल कशावरून? चाकांशिवाय गाडी कोण नेणार?

दोन वर्षं होत आली. दिवाळीला मी देवळ्याला गेले तेव्हा कुसुमताई म्हणाल्या, "वैजू, गाडी सडून जाईल अशानं. लय जीव होता त्याचा तिच्यात. आपणच जाऊ की."

"चालवणार कोण?"

"तू. मास्तरीण हायेस, शिकशील."

शिकले. दिनेशने मळ्यातल्या वाटेवर शिकवलं. चाकं बसवली, इंजिन उघडून साफ केलं. उंदरांनी डाव्या बाजूचा कॅनव्हास कुरतडला होता, तिथे मी माझ्या जांभळ्या इरकलीचा तुकडा दुहेरी करून लावला. ती साडी यांनीच आणलेली होती. मी टाके घालत होते आणि कुसुमताईंनी कापड ताणून धरलं होतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी निघालो.

गंगाखेडला पोचलो तेव्हा दुपार होती. घाटाजवळ गाडी लावली, छप्पर वर केलं. चहाची टपरी चालवणारी एक बाई लांबून बघत होती. ती पदराला हात पुसत आली आणि आमच्याकडे बघून ओळखीचं हसली.

"आल्या का तुमी? सायेब कुठं हायेत?"

मला वाटलं, ड्रायव्हर कुठेय असं विचारतेय. म्हटलं, "गाडी मीच चालवते."

"तसं न्हाई. मागच्या हिवाळ्यात आलते ना, ते सायेब. हीच गाडी. छप्पर असंच वर केलतं."

कुसुमताई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाची असंल बाई. ही तर आमच्या शेडात होती."

"अशी दुसरी कुठं असती का?" ती म्हणाली. मग तिने आपलं डावं बोट वर धरून दुसऱ्या हाताने त्याचा शेंडा झाकला. "त्यांचं हे बोट असं व्हतं. दोन दिस हितंच व्हते. म्या इचारलं, एकलेच का? तर म्हनले, मंडळी मागून येनार हायेत."

माझं डोकं चालत होतं. अशी गाडी आणखी कुणी बनवली असेल, कामगाराचं बोट कुणाचंही जाऊ शकतं... मी मनात उत्तरं जुळवत होते. तेवढ्यात ती गाडीच्या डाव्या बाजूला गेली आणि जांभळ्या ठिगळावर तिने तळवा ठेवला.

"संध्याकाळी हितं आत बसायचे. ह्या कापडावर हात ठिवून."

कुसुमताईंनी माझ्याकडे बघितलं. ते ठिगळ लावून आठवडाही झाला नव्हता.

तिथून पुढचा प्रवास वेगळाच झाला. आधी मी प्रत्येक वळणावर नदी बघत होते, आता रस्ता बघायला लागले. पुढे काही दिसतंय का... नांदेडला विचारलं, कुणाला आठवत नव्हतं. बासरला एका पंक्चरवाल्याने गाडी पाहताच हात वर केला. "अम्मा, ये गाडी का पंक्चर मैं बनाया था. साब समुंदर का रस्ता पूछे थे."

"किधर से गए?" मी विचारलं.

त्याने रस्ता दाखवला. मी त्याच रस्त्याने गाडी काढली. कधी आयुष्यात चालवली नव्हती इतक्या वेगाने चालवत होते. बऱ्याच वेळाने कुसुमताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वैजू, हळू. तो काय पळून जातोय का?"

"पुढे असतील ते," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. नारळ पेटवून दाखवणारी मी. कुसुमताई डोळ्यांना पदर लावून रडल्या. त्यांनी मला समजावलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

पुढे भाषा बदलली. राजमहेंद्रीला नदी एवढी रुंद झाली की पलीकडचा काठ पुसट दिसत होता. माझ्याकडे यांचा फोटो होता. तो दाखवायचा, गाडीकडे बोट करायचं, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. माना नकारार्थी हलायच्या.

अंतर्वेदीला नदी समुद्राला मिळते. काही सोहळा नाही त्यात. गढूळ पाणी जातं, निळसर पाणी येतं, मध्ये एक रेघ हलत राहते. आम्ही छप्पर वर केलं. कोळ्यांची बायकापोरं जमली. एका दुकानदाराला हिंदी येत होतं, त्याला बरोबर घेऊन मी घरोघर विचारत फिरले. सगळ्यांनी फोटो नीट, आदराने पाहिला. गाडीला हात लावून पाहिला, हसले. अशी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"इथवर पोचला नसंल," कुसुमताई म्हणाल्या.

आम्ही तिथे बरेच दिवस राहिलो. सकाळी मी रस्त्याच्या बाजूला तोंड करून बसायचे, कुसुमताई पाण्याच्या बाजूला. रस्त्याने नारळाचे टेम्पो यायचे, सायकली यायच्या. एक दिवस स्टोव्हचं रॉकेल संपलं, आणि मग आम्ही परत फिरलो.

येताना गंगाखेडला थांबले. त्या बाईने तेच सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. हिवाळा कोणता, हेही मी खोदून विचारलं. तिच्या लेकीला मुलगी झाली तोच हिवाळा, म्हणाली. ती नात तिच्या कडेवर होती, पाऊल टाकायला शिकत होती. म्हणजे सुधाकरांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं असणार, आणि गाडी देवळ्याला दगडांवर.

खूप विचार केला. त्या बाईला आणि त्या पंक्चरवाल्याला एकमेकांचं नावही माहीत नव्हतं. आम्हाला फसवून दोघांना काय मिळणार होतं? मला काही सापडलं नाही. कुसुमताई आता नाहीत. गाडीही पुढे काही वर्षांत गंजून भंगारात गेली, दिनेशनेच दिली.

तुमच्याकडून उलगडा मागत नाही. माझे गुडघे आता मला तिथवर नेणार नाहीत, म्हणून विचारते. अंतर्वेदीकडे कुणी जाणार असाल तर किनाऱ्यावरच्या लोकांना माझ्यासाठी एवढं विचाराल का... आम्ही येऊन गेल्यानंतर तशी एखादी गाडी तिथे आली होती का?